हौदातला उजेड

टॉर्चचा उजेड पाण्यात शिरत नाही. तो पाण्यावर आपटतो आणि टॉर्च मारणाऱ्याच्याच तोंडावर परत येतो. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र, आणि हे सगळं परीक्षेत आकृतीसकट लिहून आले होते. पण खरोखर बघितलं ते आमच्या घरामागच्या हौदाकाठी.

बाबा नुकतेच ऑफिसातून आले होते. खांद्याला पिशवी तशीच, पायांत बूट तसेच. हौदाच्या कठड्यावर वाकून ते टॉर्च इकडून तिकडे फिरवत होते.

"दिसतात का?" मी विचारलं.

"मी दिसतो," बाबा म्हणाले. "चष्मा दिसतो, टक्कल दिसतं. मासे काही दिसत नाहीत."

असं म्हणून ते हसले आणि टॉर्च विझवून हातपाय धुवायला गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले. उजेड वरून मारून उपयोग नाही, तो आतूनच यायला हवा, असं काहीतरी डोक्यात आलं आणि तो किडा पुढे कित्येक महिने वळवळत राहिला.

हा हौद म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. नवीन पनवेलला आमचं बैठं घर बांधलं तेव्हा विटा भिजवायला गवंड्यांनी मागच्या अंगणात खड्डा बांधून काढला होता. घर झाल्यावर तो बुजवायचा होता. पण बाबा आडवे आले. त्यांनी त्याला आतून गिलावा करून घेतला, कठडा बांधला, शिरढोणच्या बाजूच्या एका तळ्यातून कमळाचे कंद आणून चिखलाच्या घमेल्यात लावले आणि लाल मासे सोडले. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासेही सोडले. एवढं सगळं त्यांनी एका मे महिन्याच्या रजेत केलं. मग रजा संपली.

मुंबईची गाडी तेव्हा पनवेलपर्यंत आली नव्हती. बाबा अंधारात एस.टी. पकडायचे आणि अंधारातच परत यायचे. खाडीपुलावर गर्दी झाली की आणखी उशीर. म्हणजे हौद त्यांचा, कमळं त्यांची, मासे त्यांचे, आणि बघायला मिळायचे ते फक्त रविवारी. आणि रविवारी ते हौद बघायला बसले की मासे हमखास गायब. बाबा खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचायचे, मधूनच कठड्यावरून डोकवायचे. मासे पानांखाली जे दडायचे ते दडायचेच.

"उन्हाचे येत नाहीत वर," बाबा स्वतःचीच समजूत घालायचे. "संध्याकाळी येत असतील."

संध्याकाळी म्हणजे बाबा एस.टी.त असताना. आठवडाभर वाट बघायची ती ज्यांची, त्यांनी रविवारीच तोंड लपवायचं! मला त्या माशांचा राग यायचा.

हौदाचं सगळं काम अर्थातच आईकडे होतं. शेवाळ काढायचं, बदामाची पानं उपसायची, मासे टिपायला खंड्या किंवा ढोकरी हे पक्षी आले की झाडू घेऊन धावायचं, रोज सकाळ-संध्याकाळ कणकेचे गोळे टाकायचे. वाटीतला शेवटचा गोळा सुटावा म्हणून ती वाटी कठड्यावर ठण् ठण् आपटायची. मला ते नेहमी ती हौदावर राग काढते आहे असंच वाटायचं.

"हौस तुझ्या बाबांची आणि कंबर माझी," ती म्हणायची. आणि त्या वर्षी गणपती गेल्यावर तिने जाहीरच केलं, "संक्रांतीनंतर माणूस बोलावून मातीच्या दोन खेपा टाकून घेते. छान अळू लावते, मिरच्या लावते. जे घरधन्याला दिसत नाही ते मी का पोसू?"

बाबा जेवत होते.  ताटातली आमटी उगाच ढवळत राहिले आणि मग म्हणाले, "खरं आहे तिचं. सगळं तिलाच पडतं."

हे ऐकून मी उसळले. भांडले असते तर समजलं असतं, पण बाबा पटकन हार मानायचे आणि मला ते सहन व्हायचं नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "संक्रांतीच्या आत मी पाण्याखाली दिवे लावणार. मग रोज दिसतील मासे!"

"बरं," आई म्हणाली. "आधी तुझ्या खोलीतला दिवा विझवत जा निजताना."

विजेचं सामान आणायचं तर पुणे रस्त्यावर बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या काकांचं दुकान हे एकच ठिकाण मला माहीत होतं. काका जासईकडचे. मिठागरांतली वडिलांची पाटी सोडून दुकान टाकलेले, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. मी काय करणार आहे ते सांगितल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"काय गो पोरी, बत्ती पाण्यात बुडवायची? आमी तर पाऊस आला की बत्ती उचलून घरात पलतो."

"मासे बघायचेत, काका."

"बाजारात बग की मग. तिथं लय हायत." पण गंमत करून झाल्यावर ते एकदम गंभीर झाले. "हे बग, घरातली लाईन पाण्यात नाय सोडायची. कदी नाय. ट्रकच्या मागच्या बत्तीचे बल्ब घे, बारा व्होल्टचे. हा ट्रान्सफॉर्मर ने. तो घरात ठेवायचा, पाण्यापाशी नाय न्यायचा. नेलास तर माझ्या दुकानात परत येऊ नको." मग मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "येशील तरी कशी म्हना!"

घरी येताना मी जवळजवळ पळतच होते. पिशवीत बल्ब, तो जड ट्रान्सफॉर्मर, रबरी वायरचं वेटोळं. असं वाटत होतं की रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून पिशवीत डोकावायला सांगावं.

पहिला दिवा केला तो मुरांब्याच्या काचेच्या बरणीचा. पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं, त्यातून वायर आत घेतली, बल्बला सोल्डर केली, आणि भोकाभोवती दोन वड्या एकत्र मळून लावायची ती दगडासारखी घट्ट होणारी लांबी आतून-बाहेरून थापली. आटे होते तिथे सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा घातला. मोठ्या ऐटीत बरणी पाण्यात सोडली, तर ती बुचासारखी वर! हवेने भरलेली बरणी बुडणार कशी? भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी मी, आणि हे मला बरणी तरंगताना बघून आठवलं. शेवटी तिला विटेला बांधलं आणि बुडवलं.

दुपारी लावून बघितला. काय सांगू! भर दुपारी नीट दिसत नव्हतं, तरी हौदाच्या कोपऱ्यात खोल पिवळा गोळा पेटलेला बघून मी अंगणात उड्या मारल्या. आई धुणं वाळत घालता घालता थांबली. "पेटला की गं," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःला सावरून, "बघू किती टिकतो ते."

मी दिवा बंद केला, कारण खरा प्रयोग बाबा आल्यावर. संध्याकाळभर रस्त्याकडे कान. फाटकाची कडी वाजली तशी मी धावत जाऊन बटण दाबलं. हौदात क्षणभर उजेड झाला, फट् असा बारीक आवाज आला आणि सगळं काळंठिक्कर.

बाबा कठड्यापाशी पोचले तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. "मला दिसला," ते म्हणाले. "येताना दिसला. छान होता." ते खोटं बोलत होते. फाटकातून हौद दिसतच नाही.

बरणी वर काढली तर तळाशी चार बोटं पाणी. लांबी शाबूत, रबर शाबूत. मग पाणी शिरलं कुठून? मी रात्री जेवताना, दात घासताना, कॉलेजच्या वाटेवर, सगळीकडे त्याचाच विचार करत होते. आणि प्रॅक्टिकलला हातात गरम परीक्षानळी धरली असताना लख्ख कळलं. दिवा लागला की आतली हवा तापते, फुगते आणि कुठल्यातरी केसाएवढ्या फटीतून थोडी बाहेर पडते. दिवा विझला की उरलेली हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढते. बरणी श्वास घेत होती! बाहेर हवा सोडायची, आत पाणी घ्यायची. मी इतक्या जोरात "कळलं!" म्हणाले की मॅडमनी मला बाहेर काढलं.

कळलं खरं, पण करायचं काय? मी फटी बुजवायच्या मागे लागले. मेण ओतलं, ते गरम होऊन पाघळलं. छपराला लावायचं डांबर लावलं, त्याने माझा एक पंजाबी ड्रेस कायमचा गेला आणि बरणीत पाणी शिरलं ते शिरलंच. एकामागून एक बल्ब फुटत होते. काका प्रत्येक वेळी नवा बल्ब देताना विचारायचे, "काय गो, मासे काय म्हनतात?" आणि घरी बाबा रोज पायरीवर बूट सोडताना विचारायचे, "काय, तुमचं विज्ञान कुठवर आलं?" मी म्हणायची, "येतंय, येतंय." दिवाळी आली आणि गेली. आई अळूचे कंद कुणाकडून आणायचे ते ठरवून बसली होती.

मग आवळे आले. आई स्वयंपाकघरात लोणचं भरत होती आणि मी समोर तोंड पाडून बसले होते. तिने बरणीत फोडी दाबल्या, वरून गार केलेलं तेल ओतलं, बरणी हलवली, बुडबुडे वर आले, पुन्हा ओतलं.

"किती ओततेस?" मी विचारलं.

"तेल वर यायला हवं. आत मोकळी जागा राहिली की बिघडलंच म्हणून समज."

मी ताडकन उभी राहिले. मोकळी जागा! आत हवाच ठेवली नाही तर बरणी श्वास कशाचा घेणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत होते मी. आणि पुढचं तर एका दमात सुचलं, ते आठवलं की अजून अंगावर शहारा येतो. तेल पाण्यावर तरंगतं. मग बरणी उलटीच ठेवायची, तोंड खाली. झाकण थोडं गळकं असलं तरी तेल खाली कसं जाणार? ते वर काचेला चिकटून बसणार. आणि तेल आत बसलेलं असताना पाण्याला शिरायला वावच नाही. इतके दिवस मी गळती थांबवायला धडपडत होते, आणि आता गळली तरी चालणार होती!

"आई, तेल दे."

"कसलं?"

"कुठलंही. बरण्या भरून."

"मासे बघायचेत की तळायचेत?"

शेंगदाण्याचं तेल पिवळं दिसायचं, शिवाय ते मागायची हिंमतही नव्हती. पण आमच्या अंगणात नारळाची दोन झाडं होती. आई वर्षाचं खोबरं वाळवून घाण्यावरून तेल काढून आणायची, आणि ते तेल कसं, तर पाण्यासारखं स्वच्छ. डब्यातून ओतलं तर धार दिसायची नाही. तो डबा म्हणजे तिचे केस, माझे केस आणि बाबांच्या उरल्यासुरल्या केसांची वर्षाची बेगमी. आईने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता भाषण होणार.

"माझी वेणी तशीही शेपटाएवढीच राहिलीय," असं म्हणून तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "पण गळलं तर मासे मरतील, एवढं लक्षात ठेव." त्या वेळी मी तिच्या बोलण्यातला पहिला भागच ऐकला. दुसरा नंतर ध्यानात आला. जिला हौद बुजवायचा होता तिला माशांची काळजी पडली होती.

न्हाणीघरात बादलीत प्रयोग केला. बरणीत काठोकाठ तेल, आत बल्ब, तोंड खाली, विटेला बांधलेली. दिवा लावला, तासाभराने विझवला, पुन्हा लावला, पुन्हा विझवला. एक थेंब पाणी आत नाही, तेलाचा एक तवंग वर नाही. आणि उजेड! हवेतल्या बल्बपेक्षा तेलातला बल्ब मोठा दिसायचा, सगळी बरणीच पेटल्यासारखी. बादलीतलं पाणी सोन्याचं झालं. मी आईला ओढत आणलं. आम्ही दोघी दार लावून न्हाणीघराच्या अंधारात ओल्या फरशीवर उकिडव्या बसून बादलीकडे बघत होतो.  आईने हळूच बोट पाण्यात बुडवून बघितलं.

"आज रात्रीच लावू या का?" तिनेच विचारलं.

पण सहामाही परीक्षा मध्ये आली, मग काकांच्या दुकानात जाड वायर येईना, मग काका गावाला. सगळं जमून यायला संक्रांत तोंडावर आली. शेवटी एक मंगळवार धरला. मुद्दाम कामाचा वार. रविवारी लावण्यात काय मजा होती? दुपारी तीन बरण्या भरल्या, झाकणं लावली, विटांना बांधून हौदाच्या तळाशी कमळाच्या पानांखाली सोडल्या. वायर कठड्यावरून घरात आणून ट्रान्सफॉर्मरला जोडली. घरातून लावून बघावं असं सारखं वाटत होतं, पण मी दम धरला. पहिला उजेड बाबांनीच बघायचा.

त्या दिवशी थंडी होती. पनवेलची थंडी ती काय, पण आईने मोती रंगाची शाल काढली होती आणि बाबा मफलर गुंडाळून आले.

"चला," मी त्यांना पिशवीही ठेवू दिली नाही. त्यांना कठड्यापाशी उभं केलं, अंगणातला दिवा विझवला, खिडकीतून हात घालून बटण दाबलं.

हौदाच्या तळाशी तीन मळकट, पिवळट ठिपके दिसले. जेमतेम. धुक्यात लांबवर कंदील असावा तसे. पाणी काळंच राहिलं.



"छान आहे," बाबा म्हणाले. "खरंच छान आहे गं. अगदी शांत वाटतं."

त्यांचा तो 'छान' ऐकून मला रडूच फुटलं. "काही छान नाही!" मी ओरडले. "काहीसुद्धा दिसत नाहीये! बुजवा तो हौद, आणि अळूच लावा!" आणि रागाच्या भरात बाही वर करून हात पाण्यात घातला आणि जवळची बरणी विटेसकट वर ओढली. पाणी बर्फासारखं गार. बरणी पांढरीशुभ्र झाली होती. जणू आत तूप भरलं होतं.

आई जवळ आली, वाकली, आणि खो खो हसत सुटली. "अगं गोठलंय ते! खोबरेल ना ते, थंडीत गोठलंय!"

आमच्या खिडकीत त्या आठवड्यात रोज सकाळी तेलाची बाटली उन्हात ठेवलेली असायची. मीच ठेवायची. मीच ती वितळायची वाट बघत केस मोकळे सोडून बसायची. जन्मापासूनचं प्रत्येक हिवाळ्यातलं हे काम, आणि तरी दुपारच्या उबेत पातळ झालेलं तीन बरण्या खोबरेल जानेवारीच्या पाण्यात बुडवताना मला ते आठवलं नव्हतं. रडता रडता मलाही हसू यायला लागलं.

बाबा मात्र हसत नव्हते. ते बरणीकडे निरखून बघत होते. "बाटली आपण उन्हात ठेवतो," ते सावकाश म्हणाले. "हिच्या तर पोटातच ऊन आहे. पुन्हा ठेव आत. थांबू या."

"किती वेळ?"

"मी रोज एस.टी.साठी थांबतो. मला काय विचारतेस?"

मग आम्ही कठड्यावर बसलो. बाबांनी शेवटी पिशवी खाली ठेवली. आणि बघता बघता ते सुरू झालं. आधी बल्बच्या वरच्या अंगाला एक छोटंसं स्वच्छ भोक पडलं आणि त्यातून उजेडाची काडी सरळ वर आली. भोक रुंदावलं. काडीची दांडी झाली, दांडीचा खांब. मग दुसरी बरणी, मग तिसरी. पांढरं कडेकडेने विरघळत गेलं आणि हौद तळापासून भरत वर आला, उजेडाने! कमळाचे देठ उभेच्या उभे दिसायला लागले. पानांची खालची बाजू जांभळी असते हे आम्हा तिघांना तेव्हा कळलं. बाबांनी बांधून घेतलेला गिलावा, त्यावरचे थापीचे फराटे, सगळं दिसत होतं. मी बाबांच्या दंडाला धरून हलवत होते. "बघा! बघा ना!"

"बघतोय," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खालून उजेड पडला होता. कामाच्या दिवशी त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून, इतका वेळ कधी बघितला नव्हता. "पण मासे कुठेत?"

मासे नव्हते. एवढा लखलखाट, आणि एक शेपूट दिसेना. बाबा एका बाजूने वाकले, दुसऱ्या बाजूने वाकले. चुटक्या वाजवल्या. खिशात प्रवासातले दोन-चार फुटाणे होते ते टाकले. फुटाणे तरंगत राहिले. "मेले नाहीत ना?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"थांबा," म्हणत आई आत गेली. कणकेची वाटी घेऊन आली, हौदाच्या तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि वाटी कठड्यावर आपटली. ठण् ठण्.

घमेल्याच्या मागून, पानांखालून, अंधाऱ्या कोपऱ्यांतून लाल मासे सुटले ते थेट तिच्याकडे. केवढे मोठे झाले होते! एकमेकांवर चढत, तोंडं वर करून तिच्या बोटांशी झोंबायला लागले. एकाने तर तिचं बोटच तोंडात धरलं. आई त्यांना दटावत होती, "अरे हो, हो, सगळ्यांना आहे. तू मागे हो, काल तूच जास्त खाल्लंस."

बाबा बघतच राहिले. आधी माशांकडे, मग आईकडे.

"हे तुला ओळखतात," ते म्हणाले.

"न ओळखून करतील काय? दोन वेळचं वाढते."

बाबा उठून तिच्या बाजूला आले. ते पाण्यावर वाकले मात्र, सगळे मासे फर्रकन पानांखाली गेले. हौद पुन्हा रिकामा. बाबा जिथल्या तिथे थांबले. रविवारची ती खुर्ची, तो पेपर, ते ऊन, सगळ्याचा उलगडा त्यांना तिथेच झाला असावा. उन्हाचा काही दोष नव्हता. मासे रविवारी दडत होते ते त्यांना परकं समजून.

"आणले मी," बाबा म्हणाले. 

मला फार वाईट वाटलं, आणि ते फक्त माशांमुळे नव्हतं. मीही त्यांची रविवारचीच मुलगी होते. मला काय आवडतं, कुठल्या मैत्रिणीशी माझं बिनसलंय, हे सगळं आईला ठाऊक. बाबा विचारायचे तेही आईलाच, हळू आवाजात, मी झोपले असं समजून.

आईने वाटी त्यांच्या हातात दिली. "उद्यापासून संध्याकाळचं तुम्ही घाला. मी नाही घालणार. उपाशी राहिले तरी नाही."

"येतील?"

"आधी वाटी वाजवा. मग हलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. आणि त्यांच्याशी बोला काहीतरी. ऑफिसातलं नका सांगू."

संक्रांत झाली. मातीच्या खेपा आल्या नाहीत. अळूचे कंद आले ते हौदाच्या बाहेर, सांडपाण्याच्या वाटेवर लागले. बाबा रोज येऊन आधी मागच्या अंगणात जायचे, बूट न काढता. दिवे लागायचे, तेल हळूहळू मोकळं व्हायचं, तोवर ते वाटी मांडीवर घेऊन बसायचे. थंडी सरली तसं तेल गोठायचं थांबलं, तरी त्यांचं ते आधी थोडं थांबणं काही गेलं नाही. मासे लांबूनच बघायचे. एखादा पुढे यायचा, गोळा पळवायचा आणि पसार. मी खिडकीत उभी राहून मुठी आवळून बघायची, क्रिकेटची मॅच बघावी तशी. बाबा काय बोलतात ते ऐकू यायचं नाही. पुढेपुढे मीही जाऊन शेजारी बसायला लागले, आणि मग ते अर्धं माशांशी, अर्धं माझ्याशी बोलायचे.

होळीच्या सुमाराला एका संध्याकाळी वीज गेली. आख्खी वस्ती अंधारात. आई मेणबत्ती शोधत होती, मी काड्यापेटी. फाटकाची कडी वाजली, पावलं नेहमीसारखी घराला वळसा घालून मागे गेली. आज दिवे नाहीत, आता परत फिरतील, असं मला वाटलं. तेवढ्यात अंधारातून वाटीचा आवाज आला. ठण् ठण्.

मग काहीच नाही. आम्ही दोघी मागच्या दारात उभ्या. पाणी दिसत नव्हतं, बाबाही दिसत नव्हते. फक्त ऐकू येत होतं. आधी एक, मग दोन, मग कितीतरी, पाण्याच्या काठाशी माशांच्या तोंडांचे पुच् पुच् आवाज.

"आले गं!" बाबा अंधारातून ओरडले. "दिवा नसताना आले! बोट धरलंय माझं!"

"ओरडू नका," आई म्हणाली. पण ती स्वतःच ओरडत होती.